कचरा परत येतो, तेव्हा उमेद कशावर ठेवावी?

आपल्या प्रश्नाचा मी लावलेला अर्थ आधी मांडतो, म्हणजे चूक असल्यास ती लगेच लक्षात येईल. आपण तीन वर्षे दर रविवारी नदीकाठचे प्लॅस्टिक उचलत आहात, शाळांत जाऊन बोलत आहात आणि प्रशासनाला निवेदने देत आहात. पहिला पूर येऊन गेला की काठ पुन्हा होता तसा होतो. सुरुवातीच्या तीस जणांपैकी सहाच उरले आहेत. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये प्लॅस्टिक प्रदूषणाविषयीच्या जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय वाटाघाटी कराराविना संपल्या, तेव्हापासून हे सारे कशासाठी करायचे, हा विचार पाठ सोडत नाही. उमेद कशी टिकवावी, असे आपण विचारले आहे आणि जाता जाता येत्या रविवारी जावे की नाही, असेही विचारले आहे. या दुसऱ्या प्रश्नाकडे मी शेवटी येतो.

या कामात माझी बावीस वर्षे गेली. उमेदीचा प्रश्न वरवर मनाचा वाटत असला, तरी माझ्या अनुभवात तो निम्म्याहून अधिक हिशेबाचा निघाला आहे. काठ स्वच्छ दिसतो की नाही, या एका मापाने आपण आपले काम तोलत आहात आणि हे माप आपल्याला कधीच जिंकू देणार नाही. १९५० मध्ये जगभरात सुमारे वीस लाख टन प्लॅस्टिक तयार होत असे. आज वर्षाला चाळीस कोटी टनांहून अधिक होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २०१५ पर्यंत ८३० कोटी टन प्लॅस्टिक निर्माण झाले होते आणि त्यातून झालेल्या कचऱ्यापैकी अवघ्या ९ टक्क्यांवर पुनर्प्रक्रिया झाली, १२ टक्के जाळला गेला आणि उरलेला कचराभूमीत किंवा निसर्गात साठत राहिला. या प्रवाहाच्या तोंडाशी सहा माणसे पोती घेऊन उभी राहिली, तर वर्षाअखेरीस ती हरलेलीच दिसणार. त्यांच्या निष्ठेत काहीच कमी नसते, पण त्यांनी तुलनाच अशा गोष्टीशी केलेली असते की तिच्यापुढे कोणतेही मानवी श्रम शून्यवत ठरावेत.

पुढे जाण्यापूर्वी एक कबुली देणे भाग आहे. मी हे ज्या जागेवरून लिहितो, ती तुलनेने सोयीची जागा आहे. सफाई आटोपली की मी स्वच्छ घरात परत येतो. कचराभूमीच्या कडेला किंवा प्लॅस्टिक जाळणाऱ्या भट्टीच्या धुरात ज्यांची मुले वाढतात, त्यांच्यासाठी ही मोहीम म्हणजे संसाराचे संरक्षण असते आणि त्यांना उमेदीविषयी चार शब्द ऐकवण्याचा अधिकार मला नाही. जेथे कारखान्याविरुद्ध बोलणे जिवावर बेतू शकते, तेथेही माझा सल्ला तोकडा पडेल. आणि आपली अवस्था कंटाळ्याच्या पलीकडे गेली असेल, म्हणजे झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, घरच्यांशी बोलणे तुटले असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. मोहिमेच्या पद्धतीत सुधारणा करून ते दुखणे बरे होत नाही. यापुढचे लिखाण थकलेल्या, पण अजून उभ्या असलेल्या कार्यकर्त्यासाठी आहे.

पहिली चार वर्षे आम्हीही पोतीच मोजली. किती पोती भरली, किती किलो निघाले, किती स्वयंसेवक आले, एवढाच आमचा अहवाल असे आणि त्याखाली भरलेल्या पोत्यांच्या राशीपुढे उभ्या असलेल्या हसऱ्या माणसांचे छायाचित्र. चौथ्या वर्षी एका सफाईच्या दिवशी मुसळधार पाऊस लागला. आम्ही एका छपराखाली अडकलो आणि करायला दुसरे काही नसल्यामुळे एक भरलेले पोते पत्र्यावर उपडे केले. तासभर आम्ही सात जण त्यातला एकेक तुकडा वेगळा करत बसलो. बाटल्यांची टोपणे एका बाजूला, पिशव्यांच्या चिंध्या दुसऱ्या बाजूला आणि नखाएवढे ते त्रिकोणी तुकडे, म्हणजे पाऊच दातांनी फाडताना सुटणारे कोपरे, तिसऱ्या बाजूला. हे कोपरे सफाईच्या वेळी कोणाच्या नजरेतच येत नसत, कारण वाकून उचलण्याइतके मोठे ते कोणालाच वाटत नसत. पण चिखलाच्या गोळ्यांना चिकटून ते शेकड्यांनी पोत्यात आले होते. सर्वांत मोठा ढीग मात्र एकाच आकाराच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या पेल्यांचा आणि त्यांच्या झाकणांचा झाला. नदीच्या वरच्या अंगाला मैलभरावर एक सभागृह होते. प्रत्येक कार्यक्रमानंतर तेथील पेले मागच्या ओढ्यात जात आणि ओढा ते आमच्यापर्यंत आणून देई.

चार वर्षे जो ‘कचरा’ आम्ही उचलत होतो, त्याला त्या तासाभरात पत्ता मिळाला. उमेदीचा उगम मला तेथे सापडला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. जोवर समोर नुसता कचरा असतो, तोवर लढाई साऱ्या जगाशी असते. तो कोणत्या वस्तूचा, कोठून आणि कोणाच्या निर्णयामुळे येतो हे कळले की लढाई एका निर्णयाशी उरते, आणि निर्णय बदलता येतो.

तो निर्णय लगेच बदलला, असे मात्र नाही. सभागृहाच्या व्यवस्थापकांनी पहिल्या भेटीत आम्हाला चहा दिला, तोही त्याच पेल्यातून. दुसऱ्या भेटीत त्यांनी कचरा उचलणाऱ्या कंत्राटदाराकडे बोट दाखवले. तिसऱ्या वेळी आम्ही पाच सफाईंची नोंदवही घेऊन गेलो; तारखा, पेल्यांची संख्या आणि त्या-त्या आठवड्यात तेथे झालेले कार्यक्रम, हे सारे एकापुढे एक लिहिलेले होते. तेव्हा कोठे त्यांनी खुर्ची पुढे ओढली. धुऊन वापरायचे पेले यायला आणखी सात महिने गेले. पुढच्या सफाईत नोंदवहीतली पांढऱ्या झाकणांची रांग कोरी राहिली, ती कोरी रांग पाहताना झालेला आनंद मला आजही आठवतो. त्यानंतर व्यवस्थापक बदलले आणि वर्षभरात झाकणे परत आली.

हा दुसरा प्रसंग मी मुद्दाम सांगत आहे, कारण बहुतेक कार्यकर्ते पहिल्या पराभवाने खचत नाहीत, मिळालेले यश हातातून निसटते तेव्हा खचतात. आम्हीही खचलो. मग लक्षात आले की आम्ही एका भल्या माणसाची मर्जी मिळवली होती, व्यवस्था बदललीच नव्हती. दुसऱ्या वेळी आम्ही सभागृहाच्या भाडेकरारातच अट घालण्याचा आग्रह धरला: एकदाच वापरून फेकायची भांडी आणल्यास अनामत रक्कम परत मिळणार नाही. ती अट आजही आहे आणि त्यानंतर तेथे तीन व्यवस्थापक होऊन गेले आहेत. तेव्हापासून कोणी तोंडी आश्वासन दिले की मी आभार मानतो आणि ते कोणत्या कागदावर येणार, असे विचारतो.

मोठ्या पातळीवरचे अनुभव याहून वेगळे नाहीत. आयर्लंडने मार्च २००२ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीवर पंधरा सेंटचा कर लावला आणि पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. लोकांचे हृदयपरिवर्तन व्हायची वाट कोणी पाहिली नाही, पैसे देण्याच्या जागी एक छोटा अडथळा ठेवला. बांगलादेशाने त्याच वर्षी पातळ पिशव्यांवर बंदी घातली. अशी देशव्यापी बंदी घालणारा तो जगातला पहिला देश मानला जातो. पण अंमलबजावणी ढिली पडत गेली आणि २०२४ मध्ये ती नव्याने हाती घ्यावी लागली. कॅलिफोर्नियाच्या बंदीत जाड पिशव्यांना ‘पुन्हा वापरता येण्याजोग्या’ म्हणून सूट होती, त्यामुळे लोक जाड पिशव्याच एकदा वापरून फेकू लागले. ती पळवाट बुजवणारा कायदा २०२४ मध्ये करावा लागला. याला कोणी अपयशाची यादी म्हणेल. मी ते कामाचे नेहमीचे स्वरूप समजतो. छप्पर एकदा शाकारले म्हणून जन्मभराचे काम झाले, असे कोणी मानत नाही. गळती कोठे आहे ते पाहून ती बुजवावी लागते आणि तेवढ्यावरून छप्पर घालणेच व्यर्थ होते, असा निष्कर्ष काढायचा नसतो.

आता आपल्या मनातला खरा संशय असा असणार की अशा नियमांचा काठावर खरोखर परिणाम दिसतो का. दिसतो, आणि तो दिसण्यासाठी आपल्यासारख्यांच्याच नोंदी कामी आल्या आहेत. अमेरिकेतील हजारो किनारा-सफाईंच्या नोंदी एकत्र करून केलेला एक अभ्यास २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जेथे पिशव्यांवर बंदी किंवा शुल्क होते, तेथे सापडलेल्या एकूण वस्तूंतील पिशव्यांचे प्रमाण, नियम नसलेल्या भागांच्या तुलनेत, २५ ते ४७ टक्क्यांनी कमी आढळले. या अभ्यासाचा दुसरा भागही सांगायला हवा: पिशव्यांचे प्रमाण एकंदरीत वाढतच होते, नियम असलेल्या ठिकाणी ती वाढ रोखली गेली. काठावर उभ्या माणसाला हे कधीच दिसले नसते. त्याला पिशव्या दिसल्या असत्या आणि नियम निरुपयोगी आहे, असे वाटले असते. न आलेली पिशवी डोळ्यांना दिसत नाही, ती फक्त नोंदवहीत दिसते. म्हणून मी नव्या स्वयंसेवकाला हातमोज्यांच्या आधी पेन्सिल देतो. (पेनाची शाई ओल्या कागदावर पसरते, हे शिकायला आम्हाला दोन पावसाळे लागले.)

उत्तर समुद्रातील फुलमार नावाच्या पक्ष्यांचेही उदाहरण मला फार मोलाचे वाटते. किनाऱ्यावर मेलेल्या या पक्ष्यांच्या पोटात किती प्लॅस्टिक आहे, हे संशोधक दशकानुदशके मोजत आले आहेत. १९८० च्या दशकाच्या तुलनेत त्यांच्या पोटातील कारखानी दाण्यांचे, म्हणजे ज्यांपासून वस्तू बनतात त्या कच्च्या मण्यांचे, प्रमाण लक्षणीय उतरले. हे पक्षी अजूनही प्लॅस्टिक गिळतात आणि मरतात. पण एका विशिष्ट प्रकारचे प्लॅस्टिक कमी झाले, हेही तितकेच खरे आहे आणि कोणी ते दाणे वेगळे मोजले नसते, तर ही गोष्ट कधीच कळली नसती. वाईट बातमी मोजमापाशिवायही आपल्यापर्यंत पोहोचते, चांगली बातमी मोजल्याशिवाय हाती लागत नाही.

जिनिव्हाविषयी. मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने प्लॅस्टिक प्रदूषणावर बंधनकारक करार तयार करण्याचा ठराव केला आणि २०२४ अखेरपर्यंत तो पूर्ण करण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०२४ च्या शेवटी दक्षिण कोरियातील बुसान येथे एकमत झाले नाही, नंतर जिनिव्हातही झाले नाही. वादाचे मूळ स्पष्ट आहे: प्लॅस्टिकच्या उत्पादनावरच मर्यादा घालायची, की केवळ कचऱ्याच्या व्यवस्थापनापुरता करार करायचा. तेल आणि पेट्रोरसायनांवर ज्यांची अर्थव्यवस्था उभी आहे, असे अनेक देश दुसऱ्या बाजूला आहेत आणि सर्वसहमतीची पद्धत असल्यामुळे थोड्या देशांनाही गाडी अडवता येते. ही बातमी वाचून वाईट वाटणे रास्तच आहे, मीही दोन दिवस कोणाशी धड बोललो नाही. परंतु जहाजांवरून समुद्रात प्लॅस्टिक टाकण्यावर आज जी बंदी आहे, तिचा मूळ करार १९७३ चा आहे आणि त्यातील कचऱ्याविषयीचे परिशिष्ट अमलात यायला १९८८ चा डिसेंबर उजाडला. मधल्या पंधरा वर्षांत त्यावर काम करणाऱ्यांनाही कधीतरी हे सारे फुकट वाटले असेलच. आणि २०१९ मध्ये घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या ने-आणीविषयीच्या बेसल करारात दुरुस्ती होऊन मिश्र, घाण प्लॅस्टिक कचरा दुसऱ्या देशात पाठवण्यासाठी त्या देशाची पूर्वसंमती आवश्यक ठरली, तेव्हा आमच्या गटातल्या निम्म्या लोकांना त्याचा पत्ताही नव्हता. वाटाघाटी फसल्याची बातमी आपल्यापर्यंत धावत येते आणि दुरुस्ती झाल्याची बातमी शोधावी लागते, हे ध्यानात ठेवून बातम्यांना मनात किती जागा द्यायची ते ठरवावे.

उलट दिशेने येणाऱ्या बातम्यांपासूनही मी सावध राहतो. २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी ‘पेट’ (पाण्याच्या बाटल्यांचे) प्लॅस्टिक पचवणारा जिवाणू शोधल्याचे जाहीर केले आणि महिनाभर मला ओळखीचे लोक ‘आता तुमचे काम संपले’ असे सांगत होते. शोध खरा आणि महत्त्वाचाच आहे. पण पेट हा प्लॅस्टिकच्या अनेक प्रकारांपैकी एक आहे आणि प्रयोगशाळेतील पात्र म्हणजे नदी नव्हे. ‘विघटनशील’ असे लिहिलेल्या पिशव्यांचेही तसेच. इंग्लंडमधील प्लिमथच्या संशोधकांनी अशी एक पिशवी तीन वर्षे मातीत आणि समुद्रात ठेवली आणि नंतर तिच्यात सामान भरून पाहिले, तर ते तिने पेलले. ज्या उमेदीला दर महिन्याला नवा चमत्कार लागतो, ती चमत्कार लांबला की आधीपेक्षा खाली जाते. हे मी स्वतः दोनदा भोगले आहे.

आता त्या चोवीस जणांबद्दल. आपल्या लिखाणात त्यांच्याविषयी किंचित राग दिसला आणि तो मला ओळखीचा वाटला. माणसे निष्ठा संपली म्हणून जातात, असे मी बरीच वर्षे समजत होतो. गेलेल्यांपैकी काहींशी पुढे निवांत बोलणे झाले, तेव्हा बहुतेकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली: त्यांना आपले काम संपणार कधी, हेच कळत नव्हते. ‘दर रविवारी, कायमचे’ हे काम कोणत्याही प्रौढ माणसाच्या आयुष्यात मावत नाही. तेव्हापासून आम्ही प्रत्येक कामाला शेवटची तारीख देतो. तीन महिने एका ओढ्याच्या तोंडाशी नोंदी करायच्या, त्यांचा दोन पानी अहवाल करायचा, तो एका ठरावीक अधिकाऱ्याच्या हाती द्यायचा आणि थांबायचे. ज्याला पुढच्या कामात यायचे तो येईल, ज्याला नाही यायचे तो मान ताठ ठेवून घरी जाईल. मान खाली घालून गेलेला माणूस परत येत नाही, नीट निरोप दिलेला माणूस दोन वर्षांनी फोन करतो. आणि सहा जण म्हणजे थोडे नव्हेत. अहवाल लिहायला एक, छायाचित्रे काढायला एक आणि बैठकीत पाठपुरावा करताना न चिडता पुन्हा तोच प्रश्न विचारणारा एक, एवढे असले तरी मोहीम चालते. हा तिसरा माणूस फार दुर्मीळ असतो. तो आपल्यात असेल, तर त्याला पोती उचलायला लावू नका.

एक छोटी गोष्ट राहिली. आपण लिहिले आहे की स्वतःच्या घरात प्लॅस्टिकचे वेष्टन दिसले की अपराधी वाटते. पर्यायच नसलेल्या वस्तूच्या वेष्टनाबद्दल अपराधी वाटून घेणे हा मोहिमेच्या शक्तीचा अपव्यय आहे. ते वेष्टन कसे असावे हे आपण ठरवलेले नाही. ज्याने ठरवले त्याच्याशी बोलण्यासाठी ती शक्ती जपून ठेवावी. शुद्धतेची परीक्षा घेणारे गट मी लवकर फुटताना पाहिले आहेत, पण तो वेगळा विषय आहे.

आता येत्या रविवारविषयी. थकवा इतका असेल की नदीचे नाव काढले तरी नको वाटते, तर जाऊ नका आणि इतर पाच जणांना कारण खरे सांगा, पाहुणे आल्याचे सांगू नका. जाण्याची थोडीशीही इच्छा असेल, तर जा, पण सारा काठ साफ करण्यासाठी नव्हे. दहा पावलांचा एक तुकडा आखा, त्यातले सारे प्लॅस्टिक एकाच पोत्यात भरा, सावलीत बसून ते उपडे करा आणि प्रकारांप्रमाणे मोजा. सर्वांत मोठ्या ढिगातील वस्तू कोठून येते, याचा अंदाज सहा जणांनी वेगवेगळा लिहा आणि मगच एकमेकांना दाखवा. पोत्याच्या तळाशी साचलेला चिखलही चाळून पाहा; ते त्रिकोणी कोपरे तेथे असतात.